तिरुमेनी फाटकाबाहेर

अरमना, १२ जून १९८८

कोशी,

माझं पाकीट तू परत धाडलंस, ते काल पोचलं. पत्रावर लाल पेन्सिलीनं लिहिलेलं वाचलं. "या घरात कोणी वत्सल पुत्र राहत नाही. आम्ही म्हणजे किती जण? अच्चायनला काही सांगायचं असेल तर त्यानं स्वतःच्या हातानं लिहावं."

वाचून आधी राग आला, मग हसू आलं. रात्री जेवताना ते आठवून पुन्हा हसलो, तेव्हा माझे चिटणीस फादर इडिक्कुळा घाबरून म्हणाले, "तिरुमेनी, कालवणात काही पडलंय का?"

झालं असं. बिशप झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं की घरी एक पत्र लिहून टाका, सगळं ठीक आहे म्हणून. आमच्या पत्रांना शिक्का माथ्यावर असतो, मजकुराच्या आधी. मी दहा कोऱ्या कागदांवर शिक्के मारून देऊन मोकळा झालो होतो. त्या बिचाऱ्यानं बिशपच्या नावानं जसं लिहायचं असतं तसं लिहिलं. जावक क्रमांक घातला, 'आम्ही' घातलं, आणि सात वर्षांनी धाकट्या सख्ख्या भावाला माझा वत्सल पुत्र करून टाकलं. मी न वाचता पाठवलं. दोष त्यांचा नाही, माझा आहे.

तर हे बघ, हातानं लिहितोय. अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायांचं.

अभिषेकाला तू येणार नाहीस हे मला माहीत होतं. तरी मी खुर्चीतून पाहत होतो. त्या खुर्चीसकट बिशपला तीनदा उचलतात आणि दरवेळी लोक ओरडतात, "योग्य आहे! योग्य आहे!" उंचावरून शेवटच्या रांगेपर्यंत दिसतं. फणसाच्या झाडाखाली उभा असशील असंही वाटलं. चौदा वर्षं तू दर रविवारी अम्मच्चीला आपल्या गावच्या चर्चच्या फाटकापर्यंत आणतोस आणि उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली थांबतोस, आत पाऊल टाकत नाहीस. हे मला सगळ्यांनी सांगितलंय. तुझ्या प्रार्थनामंडळीत बिशप नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही, सगळे एकमेकांचे भाऊ. मग मला एकट्याला खुर्चीत बसलेलं बघायला तू कशाला यावंस?

अम्मच्ची आली होती, थोरल्या मुलाचा अभिषेक बघायला, जीपमधून. तिचं पुढच्या पत्रात लिहितो.

अरमना म्हणजे बिशपचा वाडा, घर नव्हे. मला घरी यायचंय, कोशी. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, पुन्हा हा घाट चढायची नाही. घर तुझं आहे, धाकट्याकडे जातं ते. म्हणून विचारतोय. येऊ का?

अविरा

०

अरमना, ३ जुलै १९८८

कोशी,

तुझं उत्तर दोन ओळींचं, पण कायद्याच्या कागदासारखं. "अच्चायन कधीही येऊ दे, दार उघडं आहे. तिरुमेनी फाटकाबाहेर." म्हणजे थोरला भाऊ आत, बिशप बाहेर.

आणि खाली यादी. रेशमी छत्र्या नकोत, चेंड्यांचे ढोल नकोत, बँड नको, खोल्यांतून धूप फिरवायचा नाही, शोशाम्मानं वाकून हाताचं चुंबन घ्यायचं नाही. शोशाम्माला विचारलंस का रे? तुझ्या बायकोचं तुझ्यापेक्षा माझ्याशी जास्त पटतं.

बरं, एकेक घेऊ. छत्र्या आणि चेंडे आपल्या गावच्या मंडळीचे, ते मला विचारत नाहीत. पण त्यांना फाटकाशी थांबवेन, शब्द देतो. धूप नाही. दंड तर तसाही आणता येत नाही. बिशपचा दंड त्याच्या प्रांतातच चालतो. आपलं गाव दुसऱ्या तिरुमेनींच्या प्रांतात येतं, त्यांच्या परवानगीशिवाय मी तिथं साधा काठी टेकणारा म्हाताराही नाही. उरलं डोक्यावरचं काळं टोपरं आणि हातातला क्रूस. ते दोन मात्र सोडता येत नाहीत. टोपऱ्याला तू तान्ह्या बाळाची कुंची म्हणतोस, म्हण. त्यावर बारा क्रूस भरलेले आहेत, तेरावा मागे मानेवर, आणि ते माणसांत उतरवत नाहीत. उन्हाळ्यात आत डोकं भाताच्या पेजेसारखं रटरटतं, एवढं सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल.

आता अम्मच्चीचं. अभिषेक झाला, सगळ्या बिशपांनी त्या दंडावर हातावर हात ठेवले आणि मोठ्या तिरुमेनींनी माझा हात धरून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. मी खाली उतरलो. रांगेत पहिली ती. मला वाटलं गालाला हात लावेल. तिनं शेला डोक्यावर नीट ओढला, वाकली, माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाली, "तिरुमेनी, माझ्यासाठी प्रार्थना करा."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. फोटोवाल्यानं दोनदा फोटो काढला. मला काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. उंच पायरीवरून उतरताना खाली पायरीच नसावी, तसं झालं.

त्या दिवसापासून मला नाव नाही. कागदावर आहे, अविरा मार बर्सौमा, पण ते कोणी हाक मारायला वापरत नाही. मी बसल्याशिवाय कोणी बसत नाही. एकदा कैरीचं लोणचं छान आहे म्हटलं, तर आता रोज तेच, आणि नको म्हणायची सोय नाही, स्वयंपाकीण रडेल. माझ्या बरोबरीनं शिकलेला कुर्यन, ज्यानं मला नदीत ढकललं होतं, तोही परवा दारात वाकला. मी म्हटलं, "कुर्या, अरे मी आहे." तो म्हणाला, "हो, तिरुमेनी."

अप्पन गेले. शाळेतले मास्तर गेले. आता या जगात मला हाक मारणारा तूच एक उरलास, आणि तुझं-माझं बोलणं चौदा वर्षं बंद. आहे की नाही गंमत?

तुझ्या सगळ्या अटी कबूल. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. तू फक्त घरी थांब.

अविरा

०

अरमना, २४ ऑगस्ट १९८८

कोशी,

तू घरी थांबला नाहीस. सकाळीच प्रार्थनासभेला गेलास आणि तीन वाजता आलास. तेवढ्यात काय काय झालं ते तुला शोशाम्मानं सांगितलंच असेल, पण ती माझी बाजू घेऊन सांगते. म्हणून मी सांगतो.

चेंडेवाले फाटकाशी थांबले, शब्द पाळला. पण दंड होता. गावच्या मंडळीनं मला न विचारता तिथल्या तिरुमेनींकडून परवानगी आणली होती, सकाळच्या उपासनेसाठी. त्यांना तोंडावर नको कसं म्हणू? तो हातात घेऊनच मी एकटा आत आलो आणि ओसरीच्या खांबाला टेकवून ठेवला. तेवढी माझी चूक.

मी आत पाणी पीत होतो. बाहेर शेजारच्यांची शेळी तुझ्या चवळीच्या वेलात शिरली. अम्मच्चीची काठी खाटेमागे पडलेली. तिनं खांबाजवळची दिसली ती उचलली आणि निघाली. मी बाहेर येतो तो काय, आपली आई चांदीनं मढवलेला दंड घेऊन शेळीमागे चाललीय, आणि दंडाच्या डोक्यावरचे चांदीचे दोन साप शेळीच्या पाठीवर. शोशाम्मा दारात दगड होऊन उभी. मी धावलो, तर अम्मच्ची मला म्हणाली, "हो बाजूला! पलीकडून पळेल ती!"

"हो बाजूला." कोशी, मी अंगणात तसाच उभा राहिलो. तीन महिन्यांत मला कोणी बाजूला हो म्हटलं नव्हतं.

शेळी गेली. अम्मच्चीनं दंड वरखाली निरखला. म्हणाली, "चांगली आहे काठी. तुमच्या अप्पनच्या काठीपेक्षा हलकी." मग तिला कळलं काय हातात आहे ते. दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि पुन्हा सुरू झालं, "तिरुमेनींनी माफ करावं, तिरुमेनींनी आत बसावं, तिरुमेनी, कप्पा वाढू?"

मी जेवलो. तांबडं माशाचं कालवण, उकडलेला कप्प्याचा कंद, वर खोबरेल. ती उभी राहून वाढत होती. मी म्हटलं, बस. बसली नाही. शेवटी न राहवून म्हटलं, "अम्मच्ची, इथे कोणी नाही. एकदा नावानं हाक मार."

ती काय म्हणाली ते आज लिहीत नाही.

मग तू आलास. दारात चप्पल काढलीस, माझ्याकडे पाहिलंस, टोपऱ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "अच्चाया, जेवलास का?"

मी म्हटलं, "जेवलो."

"मासा कसा होता?"

"आंबट कमी होता."

"शोशाम्माला सांग. मी सांगितलं तर मारेल."

झालं. चौदा वर्षांनंतर एवढंच बोललो आपण. जीपमध्ये बसल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "तिरुमेनींचा भाऊ फारच आगाऊ बोलतो."

जुनी गोष्ट तू काढली नाहीस. मीही काढली नाही.

अविरा

०

अरमना, १७ ऑक्टोबर १९८८

कोशी,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. लिहून टाकतो.

तू मणिमला नदीच्या पाण्यात दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलास त्या वर्षी तुझं नाव मंडळीच्या वहीतून काढायचा हुकूम आला. रविवारी वेदीसमोर तो वाचायचा होता. आपल्या गावचे फादर तापानं पडले होते, म्हणून मठातून मला बोलावलं. इतकी वर्षं मी हेच सांगत आलो, की फादर आजारी होते आणि वाचणं मला भाग पडलं.

फादर आजारी होते हे खरं. पण त्यांनी निरोप धाडला होता की पुढच्या रविवारी मी बरा झालो की वाचेन, तुम्ही नका वाचू, तुम्ही भाऊ आहात. तो निरोप मला शनिवारीच मिळाला होता.

तरी मी वाचलं. मला वाटलं, स्वतःच्या भावाचं नाव न अडखळता वाचणारा संन्यासी खरा. लोक म्हणतील, बघा, याला रक्ताचं नातं उरलं नाही. लोक तसं म्हणालेही. पुढे माझं नाव बिशपपदासाठी निघालं तेव्हा एका वडीलधाऱ्यानं उभं राहून नेमकी हीच गोष्ट सांगितली, माझ्या कौतुकाची म्हणून. ज्या "योग्य आहे"च्या आरोळीवर मला खुर्चीत उचललं, तिच्यात तोही दिवस होता.

अम्मच्ची बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं शेल्याचं टोक तोंडावर घेतलं आणि शेवटपर्यंत काढलं नाही.

मी तुझं नाव पुसलं, आणि आता माझं नाव घेणारा तूच उरलास. नाही म्हटलं तरी देव विनोदी आहे.

क्षमा मागतोय. 'आम्ही' नाही. मी.

अविरा

०

अरमना, ९ नोव्हेंबर १९८८

कोशी,

तुझं कार्ड मिळालं. "अच्चाया, तो निरोप घेऊन मठात कोण आलं होतं ते विसरलास काय? मीच सायकलवरून आलो होतो. फादरनी चिठ्ठी चिकटवली होती, पण मला सांगितलं होतं आत काय आहे ते. अम्मच्चीला थंडी बाधलीय, खोकते."

मी कार्ड घेऊन संध्याकाळपर्यंत बसलो. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या रविवारी फणसाखाली उभा राहून तू माझा आवाज ऐकलास, आणि चौदा वर्षांत अम्मच्चीलाही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर तिनं माझ्या हाताचं चुंबन घेतलं नसतं.

तिला डॉक्टरकडे ने. मध आणि मिऱ्यांवर भागवू नकोस.

अविरा

०

अरमना, १५ जानेवारी १९८९

कोशी,

अम्मच्चीला जाऊन आज आठ दिवस झाले. इथं सांत्वनाला रोज माणसं येतात, रांगेनं वाकतात, जातात. एकानंही 'तुझी आई' म्हटलं नाही. सगळे म्हणतात, 'तिरुमेनींच्या मातोश्री'. ऐकताना वाटतं, दुसऱ्याच कोणाची तरी बाई गेली.

त्या दिवशी काय झालं ते मला तुझ्याशीच बोलायचंय.

चर्चमध्ये चार बिशप होते, पाचशे माणसं होती. शेवटी तोंडावर शेला घालायची वेळ आली. गावचे फादर माझ्या कानाशी लागले, "तिरुमेनी, हे मुलानं करायचं असतं. आपण करणार ना?" मी म्हटलं, तिला सांभाळलं त्यानं करायचं. आणि मी दाराकडे बघून हाक मारली, "कोशी, ये." तू नेहमीसारखा फाटकाबाहेर होतास. कमिटीचा एक माणूस पुढं सरसावला, त्याचं नाव वहीत नाही म्हणाला. मी म्हटलं, नाव मी काढलं होतं, मीच बोलावतोय.

तू आलास. पांढरा सदरा, अनवाणी. चौदा वर्षांनी त्या फरशीवर. मला वाटलं तू सरळ अम्मच्चीकडे जाशील. तू माझ्यासमोर थांबलास. वाकलास. क्रुसाचं चुंबन घेतलंस, मग माझ्या हाताचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "तिरुमेनी, अम्मच्चीला झाकू?"

गावचे फादर रडले. कमिटीवाला रडला. माझ्या शेजारचे बिशप माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धन्य तुमचं घर." मला ठाऊक आहे तू ते का केलंस. चारचौघांत, चार बिशपांसमोर, मी नियम मोडून तुला आत घेतलं होतं. माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू तुझी खाली घातलीस. तुझी प्रार्थनामंडळी तुला काय बोलली असेल त्याचीही मला कल्पना आहे. एवढं मी तुझ्यासाठी कधी केलं नाही.

पण कोशी, मी अरमनेत परतलो आणि मला रडू आलं ते तुझ्या त्या 'तिरुमेनी' शब्दानं.

ऑगस्टमध्ये अम्मच्ची काय म्हणाली ते लिहिलं नव्हतं. आता लिहितो. मी म्हटलं, एकदा नावानं हाक मार. तिनं वाढायचा डाव खाली ठेवला. म्हणाली, "जीभ वळत नाही रे. मी तुला देवाला देऊन टाकलं. दिलेलं परत मागतात का?" मग तिला माझी दया आली असावी. म्हणाली, "कोशी आहे ना. त्यानं तुला कुठं कोणाला दिलंय? त्याला सांग, त्यानं हाक सोडायची नाही."

मी तुला ते सांगितलं नाही. थोरल्यानं धाकट्याकडे हे कसं मागायचं? वाटलं, तू हट्टी आहेस, न सांगताही सोडणार नाहीस. आणि मी निर्धास्त राहिलो.

आता सांगतो. त्या दिवशी तू आईला शेला घातलास, आणि त्याच घटकेला मलाही. असं पुन्हा करू नकोस. पाचशे माणसांसमोर असो की पाच हजार. तुझ्या मनात राग असेल तर रागावून हाक मार, पण तीच मार.

घाईत निघताना दंड तुमच्याकडेच राहिला. तिथल्या तिरुमेनींनी अंत्यविधीसाठी परवानगी दिली होती, म्हणून आणला होता. बहुतेक भाताच्या कणगीमागे असेल. सध्या उपासनेला माझ्या आधीच्या तिरुमेनींचा जुना दंड वापरतोय. ते सहा फुटी होते. मी त्याला टांगल्यासारखा दिसतो. बसमधून पाठवू नकोस, कंडक्टर घाबरेल.

अविरा

०

अरमना, २ फेब्रुवारी १९८९

कोशी,

इथं येणारं सगळं टपाल आधी फादर इडिक्कुळा वाचतात. आज सकाळी ते एक कार्ड दोन बोटांत धरून आले. चेहरा उतरलेला.

म्हणाले, "तिरुमेनी, हे… कोणीतरी फारच अनादरानं लिहिलंय. उत्तर पाठवू का? सौम्य शब्दांत समज देतो."

मी म्हटलं, "वाचा पाहू."

त्यांनी घसा खाकरला. बिचारा वाचायला धजेना. मग डोळे मिटल्यासारखे करून वाचलं, "अच्चाया, तुझी काठी इथंच पडलीय. शोशाम्मा तिनं शेवग्याच्या शेंगा काढते, सापांच्या मानेत शेंग बरोबर अडकते. हवी असेल तर येऊन घेऊन जा. अम्मच्चीची खाट अजून हलवली नाही. कोशी."

मी म्हटलं, "पुन्हा वाचा."

"सगळं?"

"नाही. पहिला शब्द."

त्यांनी वाचला. माझ्याकडे बघितलं आणि काय समजले कोण जाणे, कार्ड हळूच माझ्यासमोर ठेवून बाहेर गेले. जाताना दार ओढून घेतलं. आवक रजिस्टरात त्यांनी ते चढवलं नाही, मी नंतर पाहिलं.

शनिवारी येतो. चेंडे नाहीत, छत्र्या नाहीत, गावात कोणाला कळवलं नाही. काठीची घाई नाही, शेंगा संपेपर्यंत शोशाम्माकडे राहू दे. टोपरं मात्र डोक्यावर असेल, तेवढं चालवून घे.

तू फाटकाशी उभा राहा. मी वळणावर दिसलो की तिथूनच हाक मार, मोठ्यानं. शेजाऱ्यांना ऐकू गेली तरी चालेल.

तुझा,
अच्चायन